उजनीच्या जलाशयाकांठीं

सरोवराची शोभा पाहावयास नॉर्वेसारख्या दूरच्या देशींच गेलें पाहिजे असें नाहीं. तेथें म्योसा सरोवराच्या कांठीं लिलेहामर नांवाचें नगर आहे. त्या सरोवराचें खोल पात्र हिमनद्यांनीं कोरून काढलें. पावसाची नेहमींच ओढ असलेल्या कुर्डुवाडीच्या माढा तालुक्यांत मात्र सरोवर मनुष्याला बांधावें लागलें. भीमेवरील उजनी धरण 1980 सालीं पुरें झालें आणि त्याचें पाणी पार पुणें जिल्ह्यांतील भिगवणपर्यंत पसरलें. या जलाशयास यशवंतसागर म्हणतात.

कुर्डुवाडीहून पुण्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरच भिगवण आहे. तेथून जवळच्या कुंभारगांवीं पहांटे पोंचावें, कोळ्यांच्या नावेंत बसावें, म्हणजे हिवाळ्याच्या कोंवळ्या उन्हांत रोहित पक्ष्यांच्या गुलाबी रांगा दृष्टीस पडतात. रोहित आपली वांकडी चोंच उलटी करून चिखलपाणी गाळतो व त्यांतील शेवाळ आणि बारीक जीव खातो. त्याच आहारांतील रंगद्रव्यानें त्याच्या पिसांस गुलाबी छटा येते. पट्टकादंब नांवाचे हंसजातीचे पक्षी तर हिमालय ओलांडून येथें येतात.

हे पक्षी केव्हां दिसावयाचे, हें पाण्याच्या पातळीवर अवलंबून असतें. पाऊस चांगला झाला तर दिवाळीच्या सुमारास जलाशय तुडुंब असतो. रोहितास उभें राहण्याजोगी उथळ जागा थोडी असते. पुढें कालव्यांत व नदींत पाणी सोडलें कीं कांठ मागें सरतो, दलदल उघडी पडते, आणि जानेवारी ते मार्च हा काळ दर्शनास उत्तम ठरतो. ही दलदल म्हणजे एके काळचीं शेतें व गांवठाणें होत, हें प्रवाशानें विसरूं नये.

उजनीची एकंदर धारणशक्ति सुमारें 117 अब्ज घनफूट. पैकीं सुमारें 64 अब्ज घनफूट हा मृतसांठा, म्हणजे नित्याच्या वाटपांत न धरलेलें तळचें पाणी. पातळी त्याहून खालीं गेली कीं सांठा ‘उणे’ मोजतात. 2024 च्या उन्हाळ्यांत असेंच झालें, आणि इंदापूर तालुक्यांतील पळसदेव येथील पळसनाथाचें एरवीं पाण्यांत असणारें दगडी देवालय उघडें पडलें. प्रवाशास तें अपूर्व दर्शन. शेतकऱ्यास मात्र उभा ऊंस वाळण्याचें भय.

म्हणून तेथें जावें, तें जाणतेपणानें. नावाड्यास थवा उठविण्याची गळ घालूं नये; वारंवार उडण्यांत पक्ष्यांची शक्ति व्यर्थ जाते. सोलापूर शहरही हेंच पाणी पितें. तेव्हां देवालयाचें शिखर पाण्याबाहेर दिसलें, तर घरीं परतल्यावर आपल्या नळाचें पाणीही जपून वापरावें.