अनुभवी पोलीस मिळवण्यासाठी शहरांची चढाओढ

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील सिॲटल शहराने २०२४ मध्ये एक निर्णय घेतला. दुसऱ्या एखाद्या पोलीस दलात काम करणारा प्रशिक्षित अधिकारी सिॲटलच्या दलात येण्यास तयार असेल, तर वेतनाखेरीज त्याला ५० हजार डॉलरपर्यंत बोनस द्यावयाचा. २०१९ मध्ये अशाच अधिकाऱ्यांसाठी हे शहर १५ हजार डॉलर देऊ करीत होते आणि २०२२ मध्ये ३० हजार. पाच वर्षांत पोलिसाचा भाव तिपटीहून अधिक वाढला, असे म्हणता येईल. सिॲटल एकटेच या बाजारात उतरलेले नाही. कॅलिफोर्नियातील ओकलंडलगतच्या अलामिडा या लहानशा शहराने २०२३ मध्ये आपल्या दलात येणाऱ्यांना ७५ हजार डॉलर देऊ केले, तेव्हा त्याची देशभर बातमी झाली होती.

पोलीस अधिकाऱ्यांची अशी ‘पळवापळवी’ भारतीय वाचकाला चमत्कारिक वाटणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे पोलीस हा राज्याचा विषय आहे. महाराष्ट्रातील शिपायाची भरती जिल्हा किंवा आयुक्तालय अशा घटकासाठी होत असली, तरी दल एकच, गणवेश एक आणि वेतनश्रेणीही एक. मुंबईत भरती झालेला सातारा किंवा जळगावचा तरुण आंतरजिल्हा बदलीसाठी अर्ज करतो, तो गावाजवळ जाता यावे म्हणून. नव्या घटकात साधारणपणे त्याची सेवाज्येष्ठता तळाला जाते, हे ठाऊक असूनही तो अर्ज करतो. नागपूरच्या पोलीस आयुक्तांनी नाशिकच्या पोलिसांना जादा रकमेचे आमिष दाखवावे, असे येथे घडूच शकत नाही.

अमेरिकेत ते घडते, कारण तेथे सुमारे १८ हजार स्वतंत्र कायदा-अंमलबजावणी यंत्रणा आहेत. शहराचे पोलीस दल महापौराच्या व नगर परिषदेच्या अखत्यारीत असते, ग्रामीण भागासाठी काउंटीचा निवडून आलेला शेरीफ असतो, राज्याचे पोलीस निराळे आणि विद्यापीठांचे त्याहून निराळे. प्रत्येकाचे वेतन वेगळे, नियम वेगळे, कामगार संघटनेशी झालेला करार वेगळा. स्थानिक पोलीस दलांपैकी जवळपास निम्म्या दलांत पूर्णवेळ अधिकारी दहापेक्षाही कमी आहेत. साहजिकच पोलिसाला एक नोकरी सोडून दुसरी धरावी लागते, आणि शहरांना एखाद्या कंपनीप्रमाणे अनुभवी माणूस शोधावा लागतो. अशा रीतीने समकक्ष पदावर येणाऱ्या अधिकाऱ्याला तेथील पोलिसी भाषेत ‘लॅटरल’ म्हणतात.

सिॲटलवर ही वेळ कशी आली, हे समजून घेण्यासाठी २०२० कडे जावे लागते. त्या वर्षी २५ मे रोजी मिनीॲपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाला आणि देशभर निदर्शने पेटली. सिॲटलमध्ये तर पोलिसांनी जूनमध्ये आपले पूर्व विभागाचे ठाणे रिकामे केले आणि निदर्शकांनी कॅपिटल हिल भागातील काही गल्ल्या जुलैच्या आरंभापर्यंत ताब्यात ठेवल्या. पोलिसांचा निधी निम्म्याने कापावा, या मागणीला नगर परिषदेतील बहुसंख्य सदस्यांनी पाठिंबा दर्शविला. प्रत्यक्षात इतकी कपात कधीच झाली नाही. परंतु पोलीस प्रमुख कार्मेन बेस्ट यांनी ऑगस्टमध्ये पद सोडण्याचे जाहीर केले आणि त्यानंतर राजीनामे व निवृत्त्यांची रांग लागली. पुढील काही वर्षांत सातशेहून अधिक अधिकाऱ्यांनी दल सोडले. साडेसात लाखांच्या आसपास वस्तीच्या या शहरात प्रत्यक्ष कामावर पाठविता येतील असे अधिकारी हजाराच्याही खाली गेले.

शिल्लक अधिकाऱ्यांना सक्तीने जादा पाळ्या कराव्या लागू लागल्या, गुन्हे शाखेतील माणसे गस्तीवर आणावी लागली आणि दूरध्वनी केल्यानंतर पोलीस येईपर्यंतचा वेळ वाढला. ज्या नगर परिषदेत कपातीची भाषा झाली, तेथेच दोन वर्षांनी बोनसच्या प्रस्तावावर मतदान झाले. नंतरच्या निवडणुकीत परिषदेचे बहुतेक चेहरेही बदलले.

शहरांना नवा तरुण घेण्यापेक्षा अनुभवी माणूस का हवा असतो, याचे उत्तर वेळेच्या हिशेबात आहे. वॉशिंग्टन राज्यात नव्या उमेदवाराला ७२० तासांचे, म्हणजे सुमारे साडेचार महिन्यांचे मूलभूत प्रशिक्षण घ्यावे लागते. त्याआधी लेखी परीक्षा, शारीरिक चाचणी, मानसशास्त्रीय तपासणी, पॉलिग्राफ आणि पूर्वायुष्याची चौकशी असते, त्यानंतर अनुभवी अधिकाऱ्याच्या गाडीत बसून काही महिन्यांची प्रत्यक्ष उमेदवारी. अर्जापासून एकट्याने गस्त घालण्यापर्यंत वर्ष सहज उलटते. अकादमीत जागा मिळण्यासाठीच महिनोन् महिने थांबावे लागू लागल्याने राज्याला २०२३ पासून अन्य शहरांत नव्या प्रादेशिक अकादम्या काढाव्या लागल्या. याउलट दुसऱ्या राज्यातून आलेल्या प्रशिक्षित अधिकाऱ्याला या राज्याचे कायदे समजावून देणारा सुमारे दोन आठवड्यांचा समकक्षता वर्ग पुरतो. राज्यातल्या राज्यात दल बदलणाऱ्याला तर तेवढेही लागत नाही. अकादमीत किंवा उमेदवारीत उमेदवार गळण्याची भीतीही कमी. ५० हजार डॉलर देऊन शहर खरे तर एक वर्ष विकत घेत असते.

मात्र केवळ रोख रकमेवर चाळिशीकडे झुकलेला पोलीस घर, शाळा आणि नातलग सोडून येत नाही. त्याला सर्वांत मोठी चिंता असते ती निवृत्तिवेतनाची. वॉशिंग्टन राज्यात पोलीस व अग्निशमन कर्मचाऱ्यांची राज्यव्यापी निवृत्तिवेतन योजना आहे. त्यामुळे स्पोकेनचा अधिकारी सिॲटलला आला, तरी त्याची सेवा त्याच खात्यात मोजली जाते. परराज्यातून येणाऱ्याला मात्र पहिले खाते तेथेच ठेवून नवे उघडावे लागते. दुसरा मुद्दा ज्येष्ठतेचा. वेतननिश्चितीत जुना अनुभव धरला जातो. पण पाळी, सुट्टी आणि विभाग निवडण्याचा हक्क सहसा नव्या दलातील तारखेपासून मोजतात. दहा वर्षे गुन्ह्यांचा तपास केलेला माणूस पुन्हा रात्रपाळीच्या गस्तीवर जातो, आणि अनेकांचा उत्साह येथेच मावळतो. म्हणूनच बोनसपेक्षा पायाभूत वेतन अधिक परिणामकारक ठरते, असे मानण्यास जागा आहे. सिॲटलने २०२४ च्या मे महिन्यात संघटनेशी करार करून पूर्वलक्षी प्रभावाने सुमारे २४ टक्के वाढ दिली. त्यानंतर नवागताचे वार्षिक वेतन सुमारे १ लाख ३ हजार डॉलरवर, तर अनुभवी अधिकाऱ्याचे सुमारे १ लाख १६ हजार डॉलरवर गेले, आणि अर्जांची संख्या हळूहळू सुधारू लागली.

सिॲटलला मिळालेला प्रत्येक अनुभवी पोलीस कुठल्या तरी दुसऱ्या गावाने गमावलेला असतो, ही बाब जाहिरातींत अर्थातच नसते. देशातील एकूण पोलिसांची संख्या या व्यवहाराने एकानेही वाढत नाही. मोठ्या शहराला दहा माणसे मिळाली तर ते आकडेवारीत जेमतेम दिसते. आठ अधिकाऱ्यांच्या दलातून दोघे गेले, तर त्या गावात रात्रीची गस्तच बंद पडते. प्रवाह नेहमी लहानाकडून मोठ्याकडेच जातो असेही नाही. डॅलस शहराची पोलीस निवृत्तिवेतन योजना २०१६ मध्ये संकटात सापडली, तेव्हा शेकडो अधिकाऱ्यांनी दल सोडले आणि त्यांतील अनेकांना आसपासच्या सधन उपनगरांनी उचलले. फ्लोरिडा राज्याने तर २०२२ मध्ये कायदाच करून, परराज्यांतून येणाऱ्यांसह नव्याने रुजू होणाऱ्या अधिकाऱ्यांना पाच हजार डॉलर देण्यास प्रारंभ केला.

शिकवून तयार केलेली माणसे दुसऱ्याने न्यावीत, याची चीड मोठ्या शहरांनाही येते. लॉस एंजेलिसने १९९० च्या दशकात नव्या भरतीकडून करार लिहून घेण्यास सुरुवात केली होती : पाच वर्षांच्या आत दुसऱ्या दलात गेल्यास प्रशिक्षणाचा खर्च परत करावा लागेल. शहराने खर्चवसुलीसाठी माजी अधिकाऱ्यांना न्यायालयात खेचले. अखेर २०१५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने हा करार कामगार कायद्याच्या विरुद्ध ठरविला. फ्लोरिडात मात्र दलाच्या खर्चाने शिकलेल्याने दोन वर्षे तेथेच राहावे, अशी तरतूद कायद्यातच आहे.

अनुभवी माणसाबरोबर त्याचा भूतकाळही येतो, आणि खरा धोका तेथे आहे.

क्लीव्हलँड पोलिसांनी २०१४ मध्ये टिमथी लोमन या तरुणाला दलात घेतले. त्यापूर्वी २०१२ मध्ये तो जवळच्याच इंडिपेंडन्स या उपनगराच्या दलात काही महिने होता. शस्त्रप्रशिक्षणात त्याचे मन थाऱ्यावर नव्हते, त्याला कामावरून दूर करावे, असा शेरा वरिष्ठाने लिहून ठेवला होता आणि त्यानंतर त्याने राजीनामा दिला होता. क्लीव्हलँडने ते सेवापुस्तक पाहिलेच नाही. २२ नोव्हेंबर २०१४ रोजी खेळण्यातली बंदूक हाती असलेल्या तामिर राइस या बारा वर्षांच्या मुलावर त्याने मोटार थांबताक्षणी गोळी झाडली. २०१७ मध्ये त्याला बडतर्फ करण्यात आले, ते नोकरीच्या अर्जातील खोट्या माहितीबद्दल. त्यानंतरही २०१८ मध्ये ओहायोतील, २०२२ मध्ये पेनसिल्वेनियातील आणि २०२४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील छोट्या गावांनी त्याला पोलीस म्हणून नेमले. प्रत्येक वेळी बोभाटा झाल्यावर तो बाहेर पडला.

दुसरे प्रकरण भारतीयांच्या स्मरणात असेल. आंध्र प्रदेशातून पदव्युत्तर शिक्षणासाठी सिॲटलला गेलेली २३ वर्षांची जाह्नवी कंदुला २३ जानेवारी २०२३ रोजी रात्री पादचारी पट्ट्यावरून रस्ता ओलांडत असताना पोलिसांच्या मोटारीखाली सापडून मरण पावली. वेगमर्यादा ताशी २५ मैलांची होती. केव्हिन डेव्ह हा अधिकारी ताशी ७४ मैलांपर्यंत वेग गाठून एका रुग्णाच्या मदतीला निघाला होता. हा अधिकारी २०१९ मध्ये सिॲटलच्या दलात आला होता. त्यापूर्वी ॲरिझोनातील टुसॉनच्या पोलीस दलाने २०१३ मध्ये त्याला सेवेतून काढून टाकले होते, हे या अपघातानंतर माध्यमांतून उघड झाले. त्याच्यावर गंभीर गुन्ह्याचा खटला भरण्यास सरकारी अभियोक्त्यांनी नकार दिला. जानेवारी २०२५ मध्ये त्याला सिॲटलच्या दलातूनही काढण्यात आले. त्या पूर्वीच्या बडतर्फीचा आणि या अपघाताचा थेट संबंध जोडणे योग्य होणार नाही. तथापि, शहराने त्या नोंदीचे वजन कसे केले, हा प्रश्न उरतोच.

ही अपवादात्मक उदाहरणे आहेत काय? बेन ग्रुनवाल्ड आणि जॉन रॅपपोर्ट या दोन विधी प्राध्यापकांनी फ्लोरिडातील सुमारे ९८ हजार पूर्णवेळ अधिकाऱ्यांच्या तीस वर्षांच्या नोंदी तपासल्या आणि २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोणत्याही वर्षी राज्यात सुमारे ११०० अधिकारी असे होते, की ज्यांना पूर्वी एखाद्या दलाने काढून टाकले होते. एकूण संख्येच्या साधारण तीन टक्के. अशा अधिकाऱ्यांना पुन्हा काढले जाण्याचे व त्यांच्याविरुद्ध गंभीर तक्रारी येण्याचे प्रमाण इतरांहून जास्त होते. ते बहुधा कमी साधनांच्या दलांत जातात, असेही आढळले. कारण उघड आहे : माणसांची चणचण जितकी तीव्र, तितके प्रश्न कमी विचारले जातात.

बडतर्फीची नोंद निदान सापडते; राजीनाम्याची कथा फसवी. चौकशी पूर्ण होण्याआधी अधिकारी राजीनामा देतो, जुने दल सुटकेचा निःश्वास टाकते आणि विचारणा झाल्यास फक्त नोकरीच्या तारखा कळवते. खरे सांगितले तर बदनामीचा दावा होईल, ही भीतीही असतेच. ही पळवाट बुजविण्यासाठी वॉशिंग्टन राज्याने २०२१ मध्ये कायदा कडक केला. आता पूर्वानुभव असलेल्या अधिकाऱ्याला घेण्यापूर्वी त्याच्या जुन्या दलांकडील संपूर्ण सेवापुस्तक मागविणे, प्रमाणपत्र रद्द झालेल्यांची राष्ट्रीय सूची पाहणे आणि न्यायालयात ज्याच्या साक्षीच्या विश्वासार्हतेवर प्रश्न उभा राहिला आहे अशांच्या अभियोक्त्यांकडील याद्या तपासणे बंधनकारक आहे. पोलिसाचे प्रमाणपत्र रद्द करण्याचा अधिकार कॅलिफोर्नियासारख्या प्रचंड राज्याने आपल्या मंडळाला दिला, तो त्याच वर्षी. तोवर तेथे असा अधिकारच नव्हता.

केंद्रीय पातळीवर मात्र चित्र उलट फिरले आहे. बायडेन प्रशासनाने २०२२ च्या आदेशानुसार संघराज्याच्या यंत्रणांतील अधिकाऱ्यांच्या गैरवर्तनाची नोंद ठेवणारा माहितीसाठा डिसेंबर २०२३ मध्ये सुरू केला होता. ट्रम्प यांनी जानेवारी २०२५ मध्ये तो आदेश मागे घेतला आणि माहितीसाठाही बंद झाला. राष्ट्रीय सूची आहे ती प्रशिक्षण मंडळांच्या संघटनेची; तिच्यात नावे पाठविणे हे राज्यांच्या इच्छेवर अवलंबून, आणि प्रमाणपत्र रद्द झालेच नसेल तर नाव तेथे येण्याचा प्रश्नच नाही. त्यामुळे दूरच्या राज्यातून अर्ज आला, की पार्श्वभूमी तपासणाऱ्या अधिकाऱ्याला आजही त्या गावी जाऊन, जुन्या ठाण्यात बसून कागद वाचावे लागतात, शेजाऱ्यांशी आणि जुन्या सहकाऱ्यांशी बोलावे लागते. या कामाला आठवडे लागतात. बोनस देऊन जो वेळ वाचवायचा असतो, तोच येथे खर्ची घालावा लागतो, आणि त्याच सुमारास शेजारचे शहर त्या उमेदवाराला आधी नेमणूकपत्र देण्याच्या तयारीत असते.