विहीणबाईंची शंका

माझी भाची डोलवीला असते. पेण सोडून मुंबई-गोवा रस्त्याला लागलात आणि वडखळ मागे पडले, की पोलादाच्या कारखान्याची धुराडी दिसू लागतात, तेच डोलवी. एका अंगाला धरमतरची खाडी आणि खारेपाटातली भातशेते, दुसऱ्या अंगाला रात्रंदिवस चालणारा कारखाना. पूर्वी तो इस्पातचा होता, २०१० साली जे.एस.डब्ल्यू.कडे गेला. आमचे जावई तिथेच पाळीवर कामाला आहेत.

या वर्षी फेब्रुवारीत भाचीचा फोन आला तेव्हा मी उत्तरपत्रिका तपासत बसले होते. पहिले मूल अजून वर्षाचेही झालेले नव्हते आणि दुसऱ्या खेपेचे दिवस गेल्याचे तिला नुकतेच कळले होते. रडत म्हणाली, “मावशी, अगं मी बाळाला अंगावर पाजत होते गं. मग असे कसे झाले?”

खरे सांगायचे तर मलाही उत्तर ठाऊक नव्हते. पाजत्या बाईला दिवस जात नाहीत, हे मी आजीकडून ऐकले होते आणि एम.ए. होऊनही कुणाला विचारायची गरज मला कधी वाटली नव्हती. तिला काय सांगणार? “येते मी सुट्टीत,” एवढेच म्हणाले.

जूनमध्ये कॉलेज उघडण्यापूर्वी चार दिवस डोलवीला गेले. तिला सातवा लागला होता. दुसऱ्याच दिवशी आशाताई घरी आल्या आणि म्हणाल्या, “उद्या उपकेंद्रात या, डॉक्टरबाईंशी बोलायचे आहे.” मला वाटले, तालुक्याहून कुणी डॉक्टरीण येणार असेल. प्रत्यक्षात डॉक्टरीणबाई आल्या त्या पडद्यावर.

या व्यवस्थेला ई-संजीवनी म्हणतात. केंद्र सरकारने ती २०१९ साली सुरू केली. गावच्या उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी (गावात त्यांना सरळ ‘मॅडम’ म्हणतात) रोग्याला समोर बसवून दूरच्या डॉक्टरांना जोडून देतात. डॉक्टर पाहतात, बोलतात आणि लिहून दिलेले औषध तिथेच कागदावर छापून मिळते. २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, घरूनच फोनवर डॉक्टरांशी बोलायची सोयही झाली. त्याच्या थोडे आधी, मार्च अखेरीस, दूरचा सल्ला कसा द्यावा याचे सरकारी नियमही निघाले होते. डॉक्टरांनी आपले नाव आणि शिक्षण आधी सांगावे, हा त्यातलाच एक.

आम्ही तिघी गेलो: भाची, तिच्या सासूबाई म्हणजे माझ्या विहीणबाई, आणि मी. मॅडमनी पहिले काम काय केले असेल, तर आम्हा दोघींना बाहेरच्या बाकावर बसवले. विहीणबाईंना ते मुळीच आवडले नाही. “सासूला ऐकू येऊ नये असे काय बोलायचेय?” असे त्या पुटपुटल्या. सरकारी भाषेत याला ‘समुपदेशन’ म्हणतात. मी मराठी शिकवते, तरी हा शब्द उच्चारताना मला जीभ सांभाळावी लागते. विहीणबाईंचा शब्द बरा होता. “पाळणा लांबवायचेच ना ते?” त्या म्हणाल्या.

मग बाकावर बसल्या बसल्या त्यांनी मला आपली हकिगत सांगितली. धाकट्याच्या पाठीवर त्यांना तांबी बसवली होती. तीन महिने अंगावरून फार जात राहिले. विचारायचे कुणाला? नवऱ्याला सांगायची सोय नाही, सासूला सांगायचे तर तिला विचारल्यावाचून बसवलेली. शेवटी काढून टाकली, आणि त्यानंतर दोनदा दिवस गेले. दोन्ही वेळा काय केले, ते त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. “म्हणून मी हिला ‘नको’ म्हणते,” त्या म्हणाल्या, “आणि हिला वाटते, म्हातारीला नातवंडांची हौस.”

आत काय बोलणे झाले ते भाचीने मला रात्री सांगितले. पाजण्याचे गुपित असे, की तीन गोष्टी एकदम जुळल्या तरच त्याचा आधार असतो. मूल सहा महिन्यांच्या आतले हवे, त्याला आईच्या दुधावाचून दुसरे काही देत नसले पाहिजे, दिवसा आणि रात्रीही. आणि आईची पाळी परत सुरू झालेली नसावी. यातली एक गोष्ट सुटली की आधार गेला. आमच्या भाचीने सहा महिने पुरे होताच रीतसर उष्टावण केले, भाताची पेज सुरू केली. त्याच दिवशी तिचे कवच गळून पडले होते, पण तिला ते सांगणार कोण? गरोदरपणी नाव नोंदले डोलवीत, आणि पहिले बाळंतपण म्हणून आपल्या रिवाजाप्रमाणे गेली माहेरी. इथल्या आशाताईंना वाटले तिथे सांगतील, तिथल्यांना वाटले इथे सांगितले असेल.

एका बाळंतपणानंतर पुन्हा दिवस जाण्यात निदान दोन वर्षांचे अंतर असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याचा विचार बाळंतपणाच्या आधीच का करायचा, हेही डॉक्टरबाईंनी समजावले. तांबी प्रसूतीनंतर अठ्ठेचाळीस तासांच्या आत बसवता येते. ती वेळ टळली की सहा आठवडे थांबावे लागते. आणि कळा येत असताना बाईला ‘बसवू का?’ असे विचारणे हे विचारणेच नव्हे. तांबीत संप्रेरके नसतात, त्यामुळे दुधावर परिणाम होत नाही. नको असेल तर ‘छाया’ गोळ्या आहेत, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. ‘अंतरा’ हे तीन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन आहे. पाजत्या आईने ते सहा आठवड्यांनंतर घ्यावे. आणि पुरुषांसाठी निरोध आहे, बिनटाक्याची नसबंदीही आहे. हे शेवटचे वाक्य ऐकायला जावई तिथे नव्हते, पाळीवर होते. अशा वेळी ते नेहमीच पाळीवर असतात की काय, असा दुष्ट विचार माझ्या मनात आला.

अर्ध्या तासाने भाचीने स्वतःच दार उघडून आम्हाला आत बोलावले. विहीणबाई पडद्यासमोर बसल्या, पदर सारखा केला आणि थेट विचारले, “हिला माझ्यासारखे झाले तर रात्री दोन वाजता आम्ही कुणाला विचारायचे?”

डॉक्टरबाईंनी उगाच धीर दिला नाही. म्हणाल्या, “आजी, रात्री दोनला मी इथे दिसणार नाही. रक्त फार गेले, ताप आला, पोटात जोराने दुखले, तर फोनवर बोलत बसू नका, १०८ ची गाडी बोलवा. पहिले काही महिने पाळी जास्त जाते, ती पुढे बहुधा कमी होते. नाही झाली तर इथे या, मॅडम मला जोडून देतील. आणि हिला नको वाटले, त्या दिवशी तांबी काढता येते. कारण सांगायची गरज नाही.”

“आमच्या वेळी हे कुणी बोलले नाही,” विहीणबाई म्हणाल्या.

मला मात्र र. धों. कर्वे आठवले. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. या प्रचारापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. वाचकांनी पत्राने प्रश्न विचारावे आणि कर्व्यांनी छापून उत्तर द्यावे! त्या उत्तरांपायीच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ साली डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. दूरचा सल्ला महाराष्ट्राला नवा नाही. पूर्वी तो टपालाने येत असे, इतकेच. पण पत्र लिहायला अक्षर हवे, आणि मासिक उशीखाली लपवायला उशी तरी स्वतःची हवी.

फोनचे तरी काय वेगळे आहे? गरोदर बायांना आठवड्याला एक ध्वनिसंदेश पाठवणारी सरकारची ‘किलकारी’ ही सेवा २०२४ मध्ये महाराष्ट्रात आली. चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचे होईपर्यंत बहात्तर संदेश. बाई माहेरी जावो की सासरी, संदेश मागोमाग जातो, ही त्यातली मोठी सोय. पण फोन नवऱ्याच्या खिशात असला, तर संदेश कारखान्यात वाजतो. आमच्या भाचीच्या नावावर नोंदलेला नंबर जावयांचाच निघाला! आशाताईंनी तो त्याच दिवशी बदलून घेतला.

तांबी बसवायची की नाही, हे भाचीने त्या दिवशी ठरवले नाही. “विचार करते,” म्हणाली, आणि कुणी घाई केली नाही. आठवड्याने तिने हो म्हटले. मॅडमनी तिच्या माता-बाल कार्डावर तशी नोंद केली, म्हणजे पेणला ज्या कुणाच्या हाती ती बाळंत होईल त्याला ते दिसावे.

गणपतीच्या आठवड्यात, पेणच्या मूर्ती गाड्या भरभरून बाहेर पडून गेल्यावर, ती बाळंत झाली. मुलगी. दुसऱ्या दिवशी तांबी बसली. त्यानंतर तीनेक आठवड्यांनी विहीणबाईंचाच फोन आला. तांबीचा धागा हाताला लागत नाही म्हणून भाची घाबरली होती. मी काही सांगायच्या आत त्याच म्हणाल्या, “तुम्ही काळजी करू नका. आम्ही जाऊन आलो. बाळंतपणात बसवलेलीचा धागा हळूहळू खाली येतो, सहा आठवड्यांनी तपासायला या, असे त्या पडद्यावरच्या बाईंनी सांगितलेय. आणि हो, या खेपेला मी त्याला घेऊन गेले होते. रजा टाकायला लावली.”

‘त्याला’ म्हणजे जावयांना.