काकूंच्या पायाखालची पिवळी फरशी

डिझाइन म्हटलं की आपल्याला काय आठवतं? ब्लाउजचा मागचा गळा, नाहीतर मेंदी. आम्हीही असंच समजत होतो. गेल्या हिवाळ्यात जुन्नर तालुक्यातून आमच्या गटाच्या सात जणी मुंबईच्या प्रदर्शनात मसाले विकायला गेलो, आणि हा समज मोडला.

आमच्यातल्या सगळ्यांत थोरल्या काकूंची नजर अधू झालीय. रोज लोकलने जावं लागायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी आमचा हात घट्ट धरला, तो सोडेचनात. तिसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या, "अगं, इथं पायाला खडबडीत लागतंय." खाली पाहिलं तर पिवळी फरशी. आम्ही तीन दिवस त्यावरून चाललो होतो, पण शोभेची पट्टी असेल असंच वाटलं होतं.

ती अंध माणसांसाठी असते. फरशीवर लांब उभ्या पट्ट्या असतील तर सरळ चालत राहायचं. गोल उंचवटे लागले की थांबायचं, पुढे जिना, वळण किंवा फलाटाची कड आहे. चपलेतूनही ते कळतं. पिवळा रंग अशासाठी, की थोडंफार दिसणाऱ्याला तो चटकन उठून दिसावा. जपानमधल्या सेइइची मियाके यांनी 1965 मध्ये ही फरशी तयार केली आणि 1967 मध्ये ओकायामा शहरात, अंधशाळेजवळच्या रस्त्यावर ती पहिल्यांदा बसवली. आज ती जगभर आहे.

काकूंनी त्यावर पाय घासून घासून पाहिलं. मग आमचा हात सोडला.

सगळीकडे असं छान नव्हतं, हेही सांगायला हवं. एका ठिकाणी पिवळी पट्टी थेट खांबावर जाऊन आदळत होती. फरशी बसवणाऱ्याने डोळे मिटून चार पावलं टाकून पाहिली असती तर!

त्यानंतर आम्हाला नादच लागला. बायकांच्या डब्यावर बाईचं चित्र का, तर वाचता न येणारीलाही आपला डबा कळावा. मेट्रोच्या मार्गांना रंगांची नावं का, त्याचंही उत्तर तेच.

पण सगळ्यांत जास्त वेळ आम्ही पाहत राहिलो ते जेवणाचे डबे. डबेवाल्यांचं काम 1890 पासून चालू आहे, आणि त्यातले बरेच जण आपल्याच जुन्नर, खेड, मावळकडचे. डब्याच्या झाकणावर रंगाने काही अक्षरं आणि आकडे काढलेले असतात. कुठल्या स्टेशनवर उतरवायचा, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, एवढं सगळं त्या तळहाताएवढ्या जागेत. नाव नाही, पत्ता नाही. पूर्वी तर खुणेसाठी रंगीत दोरे बांधत.

हे दोरे ऐकून आम्ही एकमेकींकडे पाहिलं. कारण आदल्याच दिवशी आमच्या स्टॉलवर गोंधळ झाला होता. आमचा मसाला तीन प्रकारचा, कमी तिखट, मध्यम आणि जहाल. पाकिटं मात्र तिन्हींची एकसारखी, आणि प्रकार खाली बारीक अक्षरात. एका ताईंनी लेकरांसाठी कमी तिखट मागितला, काकूंनी जहाल दिला. ताई दुसऱ्या दिवशी परत आल्या आणि चार लोकांसमोर बोलल्या. आम्ही पैसे परत केले. काकू म्हणाल्या, "मी आता पुढच्या वेळी येत नाही, तुमचं नुकसान होतं."

आम्हीही मनात त्यांनाच दोष दिला होता. चूक पाकिटाची होती, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

गावी आल्यावर बैठकीत तासभर वाद झाला. नवीन छापील पाकिटं परवडणार नव्हती. शेवटी जाड सुतळी आणली. कमी तिखटाला एक गाठ, मध्यमला दोन, जहालला तीन. सुतळी हळदीत, कुंकवात रंगवायचीही टूम निघाली होती, पण रंग हाताला लागायला लागला, तेव्हा तो नाद सोडला. गाठी तेवढ्या ठेवल्या.

आता पाकिटं भरून झाली की ती वेगळी लावायचं काम काकूंकडे असतं. बोटाने गाठी मोजतात आणि रचतात, गप्पा मारता मारता. परवा लाइट गेली, आम्ही सगळ्या हात आखडून बसलो. त्यांचं काम चालूच होतं.

पुढच्या प्रदर्शनाला जाणाऱ्यांची यादी केलीय. पहिलं नाव काकूंनी स्वतःचं लिहायला लावलं.