तांड्यातली लेंगी परिषदेत कशी पोचते?

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. थोडी काटछाट केलीय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

मागच्या भागानंतर एकाने विचारलं, "दादा, संगीत-नृत्याच्या परिषदा असतात म्हणे. तिथे जाऊन गायचं असतं का?"

नाही. तिथे गाण्याबद्दल अभ्यास मांडायचा असतो. आपल्याकडे ही गोष्ट जुनी आहे. १९१६ साली बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पुढाकार पंडित भातखंडे यांचा. विषय होते राग, श्रुती, स्वरलेखन. म्हणजे दरबारातलं, घराण्यातलं संगीत.

जागतिक पातळीवर १९४७ पासून एक मोठी संस्था लोकसंगीतावर काम करतेय. २०२३ मध्ये तिने आपल्या नावातच नृत्य घेतलं, आणि २०२५ च्या जानेवारीत तिची जागतिक परिषद न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला झाली. ही परिषद साधारण दर दोन वर्षांनी असते, म्हणजे तयारीला वेळ मिळतो.

आता आपल्या वाशिमचं बोलू. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी सगळ्यांना माहीत आहे. तिथे ५ ऑक्टोबर २०२४ ला बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. इमारत नंगाऱ्याच्या आकाराची. पण नंगारा वाजवतात कसा, होळीला फेर धरून लेंगी म्हणतात तेव्हा पाय कुठे पडतो, हे इमारतीत मावत नाही. ते माणसांत असतं. आमच्या तांड्यात पूर्ण लेंगी पाठ असलेली माणसं आता सत्तरीत आहेत. गोर बोलीला स्वतःची लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगू लिपीत. त्यामुळे एकच गाणं दोन राज्यांतल्या पोरांना एकमेकांचं वाचता येत नाही. ऐकता मात्र येतं!

मग परिषदेत जायचं कसं? आधी संस्था विषय जाहीर करून निबंध मागवते. आपण साधारण २५०-३०० शब्दांचा गोषवारा पाठवायचा: प्रश्न काय, माहिती कुठून गोळा केली, त्यातून काय दिसलं. बऱ्याच ठिकाणी तपासणाऱ्याला तुमचं नाव दिसत नाही. आमच्याकडचा कोड रिव्ह्यूच समजा, फक्त निकाल यायला महिने लागतात. निवड झाली की साधारण २० मिनिटं मांडणी आणि मग प्रश्न.

"बंजारा संस्कृती महान आहे" हा गोषवारा नाही. "लग्नाच्या गाण्यांत डीजे आल्यावर बायकांचा फेर कसा बदलला" हा गोषवारा. छोटा, पण तपासता येणारा प्रश्न.

सावधान: दोन दिवसांत "तुमचा निबंध स्वीकारला, फी भरा" असा मेल आला तर थांबा. आधी आयोजक कोण, मागच्या परिषदेचा कार्यक्रम कुठे आहे, ते बघा. बऱ्याच चांगल्या परिषदांत विद्यार्थ्यांना फीमध्ये सवलत असते, ती मागायला लाजू नका.

रेकॉर्डिंग करताना तीन गोष्टी पाळा. गाणाऱ्या आजीला आधी विचारा, हे कुठे वापरणार तेही सांगा. सुरुवातीलाच नाव, तांडा, तारीख आणि प्रसंग बोलून घ्या. आणि फाइल व्हॉट्सॲपवर साध्या व्हिडिओसारखी पाठवू नका, दर्जा उतरतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, एक प्रत आजीच्या घरी द्या.

हे होऊ शकतं याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. पुण्यात हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनी सहकाऱ्यांसोबत खेड्यापाड्यांतल्या जात्यावरच्ा ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या, हजाराहून जास्त गावं. आज त्यातल्या कितीतरी ओव्या गाणाऱ्या बाईच्या नावासकट मोबाइलवर ऐकता येतात. गाणारीचं नाव टिकलं, ही मला त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

लेंगीवर कुणीतरी, कधीतरी निबंध वाचणारच आहे. तो वाचताना सभागृहात तांड्यातलं एक तरी माणूस असावं, आणि जमलं तर मंचावर असावं. येत्या होळीला तुमच्या तांड्यात किंवा गावात कोण गातं, ते मला कळवा. पुढच्या भागात आपण मिळून एक गोषवारा लिहू.

भेटू. जय सेवालाल!