गाडीतलं गाणं आणि चालकाचं लक्ष

गाडी चालवताना लावलेल्या संगीताचा चालकावर काय परिणाम होतो, हा इस्रायलमधील बेन गुरिऑन विद्यापीठातील संगीत-मानसशास्त्रज्ञ वॉरन ब्रॉडस्की यांच्या संशोधनाचा विषय. सिम्युलेटरवरील त्यांच्या प्रयोगांत गाण्याची लय जलद झाली की गाडीचा वेग वाढला, लाल सिग्नलही जास्त वेळा तोडले गेले. डोळे रस्त्यावर असले, तरी मनाचा एक हिस्सा ठेक्यात गुंतलेला असतो.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास खऱ्या रस्त्यावरचा होता. ८५ नवशिक्या तरुण चालकांनी शिकाऊ गाडीतून प्रत्येकी सहा फेऱ्या केल्या. शेजारी प्रशिक्षक होताच, आणि ते बरंच झालं: २७ जणांना तोंडी बजावावं लागलं, तर १७ जणांच्या वेळी अपघात टाळण्यासाठी स्टिअरिंग किंवा ब्रेकचा ताबा घ्यावा लागला. आवडीची गाणी लावली की चालक खूश असत, पण गंभीर चुका आणि आक्रमकपणाही तेव्हाच सर्वाधिक.

काही फेऱ्यांत मात्र गाडी चालवतानाच ऐकण्यासाठी मुद्दाम रचलेलं, मध्यम गुंतागुंतीचं संगीत होतं. फार रटाळ नाही आणि सोबत गुणगुणावंसं वाटेल असंही नाही. संगीतकाराच्या दृष्टीने अवघडच फर्माईश! त्या फेऱ्यांत चालकांचं वर्तन सुधारलेलं आढळलं.