पावणेनऊचं बातमीपत्र

वृत्तवाहिन्यांच्या आरड्याओरड्याला कुणी कंटाळलं की एक किस्सा हमखास निघतो. १८ एप्रिल १९३०, गुड फ्रायडे. रात्री पावणेनऊला बीबीसीच्या निवेदकाने जाहीर केलं, आज बातम्या नाहीत. पंधरा मिनिटांच्या बातमीपत्रातला उरलेला वेळ पियानो वाजला आणि मग लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये चाललेलं वाग्नरचं ‘पार्सिफाल’ पुढे सुरू झालं. काय सभ्य माणसं, काय सुखाचे दिवस, असा उसासा टाकून किस्सा संपतो.

या संध्याकाळने मला कित्येक वर्षं पछाडलं आहे, पण तो उसासा काही घशाखाली उतरत नाही. १९३० सालचा एप्रिल, आणि बातमी नाही? मिठाच्या सत्याग्रहाचा महिना तो! तेव्हा मी शोधत गेलो ते त्या पंधरा मिनिटांच्या मागे काय होतं ते. आणि हाती लागलं एक मोठं मजेशीर भांडण.

भांडण वर्तमानपत्रांचं आणि रेडिओचं. बीबीसीचं पहिलं बातमीपत्र १४ नोव्हेंबर १९२२चं. आर्थर बरोज यांनी ते दोनदा वाचलं, एकदा भरभर आणि एकदा सावकाश, आणि कुठलं बरं वाटलं ते कळवा, असं श्रोत्यांनाच सांगितलं. इतक्या भोळ्या प्राण्याचाही वर्तमानपत्रांच्या मालकमंडळींनी धसका घेतला. रात्री घरबसल्या बातमी ऐकली तर सकाळी अंक विकत घेणार कोण? मग अटी आल्या. संध्याकाळी सातच्या आत बातमी द्यायची नाही. जी द्यायची ती रॉयटर, प्रेस असोसिएशन, एक्स्चेंज टेलिग्राफ आणि सेंट्रल न्यूज यांच्याकडूनच घ्यायची, आणि हक्क त्यांचा आहे हे आधी वाचून दाखवायचं. बीबीसीचे स्वतःचे बातमीदार नव्हते.

१९२३च्या आरंभी मालकांनी आणखी एक डाव टाकला. कार्यक्रमपत्रिका हवी तर जाहिरातीचा दर मोजा, म्हणाले. लंडनचे बडे दुकानदार गॉर्डन सेल्फ्रिज यांनी आपल्या जाहिरातीच्या जागेत रेडिओचे कार्यक्रम छापायला सुरुवात केली. ज्या पत्रात ते छापले त्याचा खप वाढला आणि बहिष्कार ढेपाळला. हा सगळा तमाशा बघून बीबीसीचे प्रमुख जॉन रीथ यांनी स्वतःचंच साप्ताहिक काढायचं ठरवलं. २८ सप्टेंबर १९२३ रोजी ‘रेडिओ टाइम्स’चा पहिला अंक निघाला. मालकांनी स्वतःच्या हाताने एक प्रतिस्पर्धी जन्माला घातला, आणि तो चांगला बाळसेदार निघाला.

माझा सगळ्यात आवडता प्रसंग १९२६च्या डर्बीचा. शर्यतीचं प्रक्षेपण करायला परवानगी मिळाली, पण कुठला घोडा पुढे आहे, कुठला जिंकला, हे बोलायचं नाही. ते सांगण्याचा हक्क वर्तमानपत्रांचा. श्रोत्यांनी फक्त टापा ऐकायच्या आणि गर्दीचा गलका. त्या दिवशी पाऊस कोसळला. चिखलात टापा वाजेनात, गर्दी छत्र्यांखाली गप्प, बुकींचाही आवाज नाही. देशभरच्या घरांत लोक कानाला हेडफोन लावून पाऊस ऐकत बसले. पुढे १९२७ साली बीबीसीची कंपनी जाऊन राजसनदेचं महामंडळ आलं आणि त्याच जानेवारीत ट्विकनहॅमच्या रग्बी सामन्याचं धावतं वर्णन झालं, तेव्हा हा पोरखेळ संपला.

मध्यंतरी १९२६चा सार्वत्रिक संप होऊन गेला. छापखाने बंद, मग सरकारलाच रेडिओची गरज पडली आणि सकाळपासून दिवसाला पाच बातमीपत्रं गेली. संप मिटला, अटी परत आल्या. सातचे पुढे सहा झाले एवढंच. १९३०च्या सुमारास कुठे वृत्तसंस्थांच्या टेपवरून आपण निवड करायची मुभा बीबीसीला मिळाली. निवडणारी माणसं मूठभर, आणि निकष रीथ यांच्या शिस्तीचा. धर्मोपदेशकाच्या या मुलाचे निवेदक संध्याकाळी डिनर जॅकेट घालून मायक्रोफोनसमोर बसत. दिसणार होते कुणाला, देव जाणे! अशा घरात सणाच्या दिवशी टेपवर यायचं ते सगळं ‘बातमी’ ठरत नसे. ‘आज बातम्या नाहीत’ हे वाक्य दर्जा राखण्याचं आहे.

आता तोच दिवस दुसरीकडून बघू. बंगालातल्या चितगावला रात्रीचे दहा वाजले तेव्हा लंडनमध्ये संध्याकाळचे पाच-साडेपाच झाले असतील. क्रांतिकारक सूर्य सेन यांच्या तरुणांनी पोलिसांच्या आणि सहायक दलाच्या शस्त्रागारांवर छापा घातला, टेलिफोन आणि तारयंत्र निकामी केलं. आयर्लंडमधल्या १९१६च्या ईस्टर उठावाची आठवण ठेवून हा मुहूर्त धरला होता. (डब्लिनच्या बंडखोरांनी तेव्हा बिनतारी शाळेतल्या यंत्रावरून मोर्समध्ये प्रजासत्ताकाची वार्ता हवेत सोडली होती, हे जाता जाता.) चितगावच्या युरोपियन क्लबवर गेलेली तुकडी मात्र रिकाम्या हाती परतली. गुड फ्रायडे म्हणून क्लब ओस पडला होता! तिकडे सणाने बातमीपत्र रिकामं केलं, इकडे क्लब. तारा तुटल्यावर कलकत्त्याला खबर गेली ती बंदरातल्या जहाजाच्या बिनतारी यंत्रावरून.

ही बातमी पावणेनऊच्या आत लंडनला सॅव्हॉय हिलवरच्या कचेरीत पोचली नाही, याचा दोष बीबीसीला देण्यात अर्थ नाही. पण ६ तारखेला दांडी झाली होती, १४ला नेहरूंना अटक झाली होती, विलेपार्ल्याच्या सत्याग्रह छावणीत मीठ शिजत होतं. साम्राज्याच्या राजधानीतून साम्राज्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही असं ठरवायला बराच आत्मविश्वास लागतो. आणि घडत होतं ते फक्त साम्राज्यातच असंही नाही. त्याच गुड फ्रायडेला रुमानियातल्या कोस्तेश्त गावी लाकडी चर्चला आग लागून शंभरावर माणसं गेली, त्यांत बहुतेक मुलं.

इकडे मुंबईचं रेडिओ केंद्र तेव्हा नुकतंच सरकारच्या पदरात पडलं होतं. २३ जुलै १९२७ रोजी थाटात सुरू झालेली इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी पावणेतीन वर्षांत बुडाली आणि १ एप्रिल १९३० पासून ‘इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस’ आली. देशभर परवानेधारक सात-आठ हजारांच्या घरात. ब्रिटनमध्ये ते तीस लाखांच्या पुढे. आपल्याकडे प्रभातफेऱ्या आणि हस्तपत्रकं हाच रेडिओ.

आणि मग या शोधात भेटला जॉन कोटमन. हिंदुस्थानी पोलीस खात्यातला हा माणूस १९२६ ते १९३० या काळात हिंदुस्थान सरकारच्या प्रसिद्धी खात्याचा प्रमुख होता. देशात काय घडलं ते ब्रिटिश पार्लमेंटला दरसाल सांगणारे ‘इंडिया इन...’ या नावाचे जाडजूड अहवाल त्याच्या सहीने निघत. तिथून तो लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्राध्यापक झाला. १९३४ साली बीबीसीने बातम्यांचा स्वतंत्र विभाग काढायला घेतला. आधी बातम्या ज्या विभागात होत्या तो डावीकडे झुकतो अशी ओरड होती, तिला उतारा म्हणून माणूस हवा होता. तो मिळाला कोटमन. हिंदुस्थान सरकारची बाजू जगाला सांगण्याचं खातं ज्याने सांभाळलं, त्याच्याकडे ब्रिटिश श्रोत्यांच्या बातम्या गेल्या. माणूस मेहनती होता, विभागाला त्याने घडी बसवून दिली, हेही खरं. १९३७ साली तो उत्तर विभागाचा संचालक म्हणून मँचेस्टरला गेला. संध्याकाळी सहाच्या आत बातमी नाही, ही मालकांची अट १९३९चं युद्ध येईपर्यंत हलली नाही.