सायटोमेगॅलो विषाणू : भय नको, दक्षता हवी



पुंडलिकनगर परिसरातील अनेक गर्भवती भगिनी 'टॉर्च' चाचणीचा अहवाल घेऊन चिंतातुर चेहऱ्याने आमच्याकडे येतात. त्यात 'सीएमव्ही आयजीजी पॉझिटिव्ह' असे छापलेले असते. नवजात शिशू कक्षातील आमच्या एखाद्या आयाबाईंना दिवस राहिले, की त्यांनाही हीच धास्ती वाटते आणि काम सोडावे लागेल काय, असा प्रश्न पडतो. आम्ही हिशेब व व्यवस्था पाहणारी मंडळी. तरीही या दोन्ही प्रश्नांत कुणाचे तरी मातृत्व आणि कुणाची तरी भाकरी गुंतलेली असल्याने, तज्ज्ञांकडून समजून घेतलेली माहिती येथे देत आहोत.

हा विषाणू कांजिण्यांच्या विषाणूच्या कुळातील आहे. एकदा शरीरात शिरला, की तो आयुष्यभर सुप्तावस्थेत राहतो. निरोगी माणसास बहुधा त्याची जाणीवही होत नाही. आपल्या देशात माता होण्याच्या वयातील दहापैकी नऊहून अधिक स्त्रियांना तो पूर्वीच, बहुधा बालपणी, होऊन गेलेला असतो. अहवालातील आयजीजी इतकेच सांगते. केवळ त्यावरून गर्भपाताचा विचार करणे सर्वथा अनुचित होय.

गर्भारपणात प्रथमच लागण झाल्यास सुमारे ३० ते ४० टक्के वेळा विषाणू गर्भापर्यंत पोहोचतो. लागण जुनी असल्यास हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास असते. तथापि जुनी लागण हे अभेद्य कवच नव्हे. सुप्त विषाणू पुन्हा जागृत होऊ शकतो, किंवा त्याच विषाणूच्या वेगळ्या प्रकाराची लागण होऊ शकते. बहुतेक स्त्रियांना लागण आधीच झालेली असल्यामुळे आपल्याकडील बाधित बालकांपैकी बहुतांश अशाच मातांची असतात. म्हणून दक्षता सर्वांनीच घ्यावयाची आहे.

लहान मुलांच्या लाळेतून व लघवीतून हा विषाणू कित्येक महिने बाहेर पडत असतो. गर्भवती मातेने थोरल्या मुलाचे उष्टे खाऊ नये, त्याचा चमचा वापरू नये आणि पापा ओठांऐवजी कपाळावर घ्यावा. दुपटी बदलल्यावर, नाक-तोंड पुसल्यावर हात साबणाने नीट धुवावेत. पूर्ण दिवसांच्या बाळाचे स्तनपान मात्र या कारणास्तव कधीही थांबवू नये.

पाळणाघरात काम करणाऱ्या स्त्रियांना लागणीचा धोका काहीसा अधिक आढळला आहे. रुग्णालयातील परिचारिका हातमोजे व हात धुण्याचे नियम पाळत असतील, तर त्यांचा धोका इतर स्त्रियांहून अधिक दिसत नाही. तेव्हा गर्भवती आयाबाईंचे काम काढून घेण्याचे कारण नाही. त्यांना साबण, हातमोजे आणि नियम समजावून सांगणारे माणूस देणे, हे व्यवस्थापनाचे कर्तव्य आहे.

बाधित बालकांपैकी सुमारे १० टक्क्यांत जन्मतः लक्षणे दिसतात : कमी वजन, कावीळ, लहान डोके. उरलेली निरोगी दिसतात. परंतु त्यांतील १० ते १५ टक्के मुलांना पुढे ऐकू कमी येऊ लागते, कधी काही वर्षांनंतरही. शंका असल्यास बाळाच्या लघवीची वा लाळेची तपासणी पहिल्या २१ दिवसांतच करावी लागते. त्यानंतर ही लागण जन्मापूर्वीची की नंतरची, हे सांगणे कठीण होते. गंभीर लक्षणे असलेल्या बालकांसाठी औषध उपलब्ध आहे; प्रतिबंधक लस मात्र अद्याप नाही. २०१३ मध्ये आपल्या राज्यातील पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे, हेही पालकांनी ध्यानी ठेवावे.

ताळेबंदात साबण, हातमोजे आणि नवजात बालकांची श्रवणचाचणी हे खर्च किरकोळ दिसतात. वेळीच ऐकू येऊ लागलेले मूल बोलू लागते, शाळेत जाते. त्याची नोंद कोणत्याही खातेवहीत होत नाही. आपल्या देणगीचे खरे मोल तेथे आहे.